‘निषिद्ध’ रेषा आणि आमचें एक शून्य

गतवर्षीं शाळेच्या विज्ञान मंडळानें गृहांगृहांत प्रश्नमंजूषेचा सामना ठेविला होता. प्रश्न काढणें व उत्तरें तपासणें हीं दोन्ही कामें आमच्याकडे होतीं. शेवटच्या फेरींत आम्हीं असा प्रश्न विचारिला: “सोडियमच्या अणूंतील ३डी या पातळीवरचा इलेक्ट्रॉन थेट ३एस या पातळीवर उतरून प्रकाश देतो काय? होय किंवा नाहीं, एवढेंच लिहा.” आमच्या टांचणांत उत्तर होतें ‘नाहीं’. चारांपैकीं तीन गृहांनीं तेंच लिहिलें. चौथ्या गृहाच्या वतीनें अकरावींतील एका मुलानें कागदावर ‘क्वचित्’ असा एकच शब्द लिहिला. आम्हीं त्यास शून्य दिलें. आणि वर, “बाळ, दोहोंपैकीं एक शब्द निवडावयास सांगितला असतां तिसरा लिहूं नये,” असा उपदेशही केला. सभागृहांत हंशा पिकला. एका गुणानें त्या गृहाची ढाल गेली.

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. गुणांची तक्रार घेऊन आला असेल असें समजून आम्हीं थोड्या कोरडेपणानेंच त्यास आंत बोलाविलें. तो म्हणाला, “सर, गुणाचें कांहीं नाहीं. पण नियमाबाहेरचें संक्रमण मुळीं घडतच नसेल, तर मृगाच्या तेजोमेघांतली हिरवी रेषा कोठून येते?” आमच्यापाशीं तत्काळ उत्तर नव्हतें. “उद्यां सांगतों,” असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली, व त्या रात्रीं कपाटांतलीं जुनीं पुस्तकें काढून बसलों. त्या रात्रीच्या वाचनांतून जें मत बनलें तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें, आणि विशेषतः आमच्याच व्यवसायबंधूंपुढें, मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम नियम काय तें पाहूं. बन्सेनच्या ज्योतींत मिठाचा कण धरिला म्हणजे ज्योत पिंवळी होते, हें आठवीचा विद्यार्थीही जाणतो. तो पिंवळा रंग म्हणजे ५८९० व ५८९६ अँग्स्ट्रॉम तरंगलांबीच्या दोन जुळ्या रेषा होत. सोडियमचा इलेक्ट्रॉन ३पी या पातळीवरून ३एस या पातळीवर उतरतो तेव्हां त्या उमटतात. बोहरचें चित्र शिकवितांना आम्ही फळ्यावर पातळ्यांच्या आडव्या रेघा ओढितों व वरून खालीं बाण काढितों. मुलांस साहजिकच वाटतें कीं कोणत्याही वरच्या रेघेवरून कोणत्याही खालच्या रेघेवर बाण काढावा आणि त्याची एक रेषा वर्णपटांत सांपडावी. प्रत्यक्षांत तसें होत नाहीं. पुष्कळ बाणांच्या रेषा प्रयोगशाळेंत दिसत नाहींत. कां दिसत नाहींत याचा उलगडा १९१८ सालीं बोहर यांनीं आणि स्वतंत्रपणें रुबिनोविच या पोलिश शास्त्रज्ञांनीं केला. प्रकाशाचा कण अणूंतून निघतो तो रित्या हातानें निघत नाहीं. कोनीय संवेगाचें एक एकक तो बरोबर घेऊन जातो. जमाखर्चाच्या वहींत हें एकक कोठें तरी वजा पडलेंच पाहिजे. पुढें १९२४ सालीं लापोर्त यांनीं लोहाच्या गुंतागुंतीच्या वर्णपटावरून आणखी एक अट काढिली: पातळ्यांचे सम व विषम असे दोन वर्ग आहेत आणि संक्रमण एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत व्हावें, त्याच वर्गांत होऊं नये. या दोहोंचा मेळ घातला कीं एका इलेक्ट्रॉनापुरता सुटसुटीत नियम मिळतो. एस, पी, डी, एफ या अनुक्रमांत एकाच पायरीनें वर किंवा खालीं जावें. ३डी वरून ३पी चालेल. ३डी वरून ३एस चालणार नाहीं. यांस निवड-नियम म्हणतात, व नियमांत न बसणाऱ्या संक्रमणास ‘निषिद्ध’ संक्रमण असें नांव पडलें आहे.

येथपर्यंत आम्ही शिकवितों, आणि येथेंच थांबतों. पुढचें वाक्य सांगावयाचें राहतें, आणि आमच्या मतें तेंच मुख्य वाक्य आहे. हा नियम प्रकाश देण्याच्या एका विशिष्ट रीतीचा आहे. अणूंतील विद्युद्भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हेलकावे घेतो, त्यापासून निघणाऱ्या प्रकाशाचा तो नियम. ही रीत सर्वांत जोरकस खरी. पण ती एकमेव रीत नव्हे. फुटाळ्याच्या पाण्यांत एखाद्या मुलानें वल्हें पुढें-मागें हालविलें तर लाटा दूरवर जातात. त्याच्या शेजारीं दुसऱ्यानें बरोबर उलट तालावर वल्हें हालविलें, तर एकाच्या लाटेचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यांत भरून निघतो व दूर उभ्या असलेल्या माणसास पाणी जवळजवळ शांत दिसतें. जवळजवळ, अगदीं शांत नव्हे. दोन वल्ह्यांच्या मधलें अंतर सर्वस्वीं शून्य नसल्यामुळें थोडीशी लाट उरतेच. अणूंतही असेंच होतें. विद्युद्भाराचा मोठा हेलकावा जेथें सममितीमुळें शून्य होतो, तेथें अणूच्या चुंबकत्वाचा हेलकावा किंवा दुहेरी विद्युत् हेलकावा उरतो, आणि तो लाखों पटींनीं मंद अशा गतीनें प्रकाश देऊं शकतो. दाखल्यास मर्यादा आहेतच. पण ‘घडतच नाहीं’ या वाक्यापेक्षां तो सत्याच्या पुष्कळ जवळ आहे.

मग प्रयोगशाळेंत त्या रेषा दिसत कां नाहींत? नागपूरकरांस हें मारबतीच्या दिवसावरून समजावें. एरव्हीं महालांतून जाणारा माणूस हमरस्त्यानेंच जातो. अरुंद बोळांत कोणी शिरत नाहीं. मिरवणुकीनें हमरस्ता भरला म्हणजे मात्र बोळांतूनही माणसें निघतात, पण वेळ लागतो, व मध्येंच कोणी हांक मारून मागें फिरविलें तर तेंही राहतें. ३डी वरील सोडियमच्या इलेक्ट्रॉनास ३पी चा हमरस्ता मोकळा असतो, म्हणून ३एस चा बोळ तो हजारोंत एकदांही धरीत नाहीं. कांहीं अणूंस हमरस्ताच नसतो. अशा अणूचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर अडकून पडतो. सामान्य पातळीवरचा मुक्काम सेकंदाच्या कोट्यवधींव्या अंशाचा. अडकलेल्याचा मुक्काम सेकंदांचा, मिनिटांचा. आणि आपल्या दिव्यांतील वायु दाट असल्यामुळें त्या अवधींत शेजारचे अणू त्यास असंख्य वेळां धक्के मारितात व त्याची शक्ति प्रकाश न होतांच काढून घेतात.

आतां मृगाच्या तेजोमेघाकडे वळूं. १८६४ सालीं हगिन्झ यांनीं एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखिला, तेव्हां त्यांस पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशीं न जुळणारी हिरवी रेषा दिसली. ती सुमारें ५००७ अँग्स्ट्रॉमची, व तिच्या शेजारीं ४९५९ ची दुसरी. लॉकियर यांचें म्हणणें असें पडलें कीं ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याची कडा होय. हगिन्झ यांस तें मान्य नव्हतें. वाद मोठा झाला, आणि या वादांत आमच्या महाराष्ट्रांतून एक साक्ष पडली हें आमच्या मुलांस कोणी सांगत नाहीं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी गृहस्थ प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीनें, व त्यांच्याच नांवानें, १८८८ सालीं तेथें वेधशाळा उभी राहिली होती. नायगमवालांनीं मृगांतील तेजोमेघाची ती मुख्य रेषा तपासून १८९१ सालीं आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें: रेषा बारीक व रेखीव आहे, पट्ट्याची कडा असती तर एका अंगानें जी पुसट झांक दिसावी ती दिसत नाहीं. म्हणजे मॅग्नेशियमचा पक्ष लंगडा ठरला. ती रेषा कशाची, हें मात्र पुण्यासच काय, कोणासच ठाऊक नव्हतें. पुढें अज्ञात मूलद्रव्य म्हणून तिच्या धन्यास ‘नेब्युलियम’ असें नांव देण्यांत आलें. नायगमवाला १९१२ सालीं निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, व तिचीं उपकरणें कोडाईकनालास गेलीं.

उत्तर आलें १९२७ सालीं, अमेरिकेंतील बोवेन यांजकडून. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या पातळ्या त्यांनीं अतिनील वर्णपटावरून मोजिल्या होत्या. त्यांपैकीं तळच्या कांहीं पातळ्यांमधील अंतरें त्यांनीं सहज वजा करून पाहिलीं, तों तेजोमेघाच्या रेषा अचूक हातीं आल्या. अडचण एवढीच कीं या पातळ्या सर्व सम वर्गाच्या. लापोर्तचा नियम तेथें आडवा येत होता. बोवेन यांनीं नियम खोटा म्हटला नाहीं. तेजोमेघांत घन सेंटिमीटरास कांहीं हजार कणच असतात. आपल्या हवेंत तेवढ्याच जागेंत अडीच लक्ष कोटी कोटींच्या आसपास रेणू मावतात, याचा विचार करा. त्या एकांतांत अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागला तरी ऑक्सिजनास धक्का मारणारा कोणी नसतो, आणि तो आपल्या बोळांतून निवांत बाहेर पडतो. नेब्युलियम नांवाचें द्रव्य नव्हतेंच. आपण श्वासाबरोबर घेतों तोच ऑक्सिजन होता.

आणखी एक गोष्ट आमच्या विदर्भाच्या अंगणांतली आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणच्या किनाऱ्यावरून वऱ्हाड व तेव्हांच्या मध्य प्रांतावरून गेली. प्लेगचे दिवस होते, तरी देशोदेशींचे ज्योतिषी येथें उतरले. विजयदुर्गास लॉकियर, सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथें अमेरिकेचे कॅम्बेल व पुण्याहून गेलेले आमचे नायगमवाला, वऱ्हाडांत तळणीस मॉन्डर दांपत्य व एव्हरशेड, वर्ध्याजवळ पुलगांवास कॅप्टन हिल्स व न्यूऑल, आणि घोगलीस स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड. (लॉकियर यांनीं १८६८ सालीं विजयदुर्गावरून हेलियम शोधिलें असें आपल्याकडे वारंवार छापलें जातें. त्या सालीं ते इंग्लंडांतच होते. विजयदुर्गास ते आले या १८९८ च्या ग्रहणास. शिक्षकांनीं तरी हें दुरुस्त करावें.) सूर्याच्या प्रभामंडलांत १८६९ पासून एक हिरवी रेषा ठाऊक होती. ती लोहाच्या एका रेषेशीं जुळते असें आधीं समजत. १८९८ च्या ग्रहणाच्या छायाचित्रांवरून तिचें खरें स्थान सुमारें ५३०३ अँग्स्ट्रॉम ठरलें, आणि लोहाचा संबंध तुटला. मग हिच्याही धन्यास ‘कोरोनियम’ या नांवाखालीं अज्ञातवासांत ठेवावें लागलें. पुढें १९३९ नंतर ग्रोट्रियान व एड्लेन यांनीं दाखविलें कीं ती लोहाचीच आहे; पण ज्या लोहाच्या अणूंतून १३ इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत अशा लोहाची, व तीही ‘निषिद्ध’ संक्रमणाची. लोखंड एकदां आरोपी, मग निर्दोष, आणि शेवटीं तेंच खरें! त्यावरूनच प्रभामंडलाचें उष्णतामान दहा लक्ष अंशांच्या वर आहे हें उमगलें. तळणी व पुलगांव येथून आगगाडीनें जाणाऱ्या आमच्या किती मुलांस हें ठाऊक असेल?

नारायणगांवाजवळ खोडद येथें गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या ३० तबकड्यांचा उल्लेख येथें थोडक्यांत करितों. तेथें हायड्रोजनच्या ज्या २१ सेंटिमीटर लहरी शोधितात (दूरच्या दीर्घिकांकडून येतांना त्या ताणून अधिक लांब झालेल्या असतात) त्याही निषिद्धच. एकटा सोडलेला अणू ती लहर देण्यास सरासरीनें एक कोटी वर्षांहून अधिक काळ घेईल. तरी अवकाशांत हायड्रोजन इतका अपार आहे कीं तिच्यावर आकाशाचे नकाशे काढितां येतात.

आतां आमचें मत. पहिला आक्षेप शब्दावर आहे. ‘निषिद्ध’ हा शब्द मराठींत आचारशास्त्रांतला आहे. जें करितां येतें पण करूं नये, तें निषिद्ध. एदेन बागेंतील फळ निषिद्ध होतें. तें तोडितां येत नव्हतें असें नव्हे, आणि पुढची सगळी कथा त्यावरच उभी आहे. भौतिकशास्त्राच्या वर्गांत मात्र मुलें या शब्दाचा अर्थ ‘अशक्य’ असा घेतात. आणि सत्य या दोहोंहून निराळें आहे: अणूस कोणी आज्ञा केलेली नाहीं, आणि त्याचा मार्गही सर्वस्वीं बंद नाहीं. आपल्या भाषेंत ‘दुर्घट’ असा नेमका शब्द आहे. जें घडण्यास कठीण तें दुर्घट. ‘दुर्घट संक्रमण’ असें म्हटलें असतां ‘किती कठीण?’ हा प्रश्न आपोआप उठतो. ‘निषिद्ध’ म्हटलें म्हणजे प्रश्न संपतो. खऱ्या अर्थानें निषिद्ध म्हणण्याजोगीं उदाहरणेंही आहेत. अणूचा एकूण कोनीय संवेग दोन्ही पातळ्यांवर शून्य असेल तर एकट्या प्रकाशकणानें संक्रमण होऊं शकत नाहीं, कारण वहीचा जमाखर्चच जुळत नाहीं. तो शब्द तेथें राखून ठेवावा.

यावर आमचे एक सहकारी म्हणाले, “शब्द बदलून काय होणार? मूल पुढें मोठ्या ग्रंथांत जाईल तेव्हां तेथें निषिद्ध हाच शब्द भेटणार. शिवाय खालच्या वर्गांत अपवाद सांगितले म्हणजे मुलें नियमही विसरतात.” यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. अकरावीच्या मुलापुढें चुंबकीय हेलकाव्याचें गणित मांडावें असा आमचा आग्रह मुळींच नाहीं. तसेंच नेब्युलियमच्या साठ वर्षांच्या अज्ञानाचा दोष या एका शब्दावर लादणें अन्यायाचें होईल. १९१८ पूर्वीं नियमच नव्हता, पातळ्याही ठाऊक नव्हत्या. उलट, नियम चोख ठाऊक होता म्हणूनच या रेषा दिव्यांत कां दिसत नाहींत व मेघांत कां दिसतात हें बोवेन यांस सांगतां आलें. नियम शिकवूं नका असें कोण म्हणतो? पण ‘प्रायः’ हा एक शब्द सांगण्यास किती वेळ लागतो? आणि ज्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर ‘क्वचित्’ आहे, त्यास ‘होय किंवा नाहीं’ अशी चौकट घालण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? गुण मोजण्याची सोय, एवढेंच त्याचें उत्तर आहे. ती सोय आमची होती, मुलांची नव्हती.

हें लिहितांना आम्हांस जें टोंचतें तें नियमाचें अज्ञान नव्हे. पदवीच्या वर्गांत आम्हीं मृगाच्या तेजोमेघाविषयीं वाचलें होतें. परीक्षेंत त्यावर चार ओळीही लिहिल्या होत्या. इतकीं वर्षें ‘नाहीं’ हें उत्तर लिहून घेतां घेतां त्या ओळी आमच्याच मनांतून पुसल्या गेल्या. आणि मुलानें पुस्तक वाचून त्या जिवंत ठेविल्या, तेव्हां सभागृहास त्याच्यावर हंसविणारे आम्हीच.

ठरल्याप्रमाणें दुसऱ्या दिवशीं त्यास उत्तर दिलें. सायन्सच्या तासास नव्हे, सकाळच्या प्रार्थनासभेंत, सर्वांसमोर. कारण शून्यही सर्वांसमोरच दिलें होतें. पुण्याची वेधशाळा, मृगाचा मेघ व ऑक्सिजन हें सर्व थोडक्यांत सांगून, ‘क्वचित्’ हेंच उत्तर बरोबर होतें व आमचें टांचण चुकीचें होतें असें आम्हीं कबूल केलें. गुण दिल्यावर दोन्ही गृहें बरोबरीला येत होतीं. ढाल सहा-सहा महिने वांटून घ्यावी असें आम्हीं सुचविलें. सभा सुटल्यावर तो मुलगा भेटला व म्हणाला, “सर, ढाल भिंतीवर लावली आहे ती राहूं द्या. पण तो प्रश्न पुढच्या वर्षीं पुन्हां विचाराल का? होय-नाहीं न म्हणतां.”

यंदा विचारिला. तो मुलगा आतां बारावींत असल्यामुळें सामन्यांत नव्हता. मागच्या बांकावर बसून ऐकत होता. चारांपैकीं दोन गृहांनीं ‘फारच क्वचित्’ असें लिहिलें, एकानें कागद कोरा दिला. चौथ्यानें लिहिलें, ‘दिव्यांत नाहीं; मेघाचें माहीत नाहीं.’ त्यास किती गुण द्यावे याविषयीं आमचें व सहकाऱ्यांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.